हत्ती खाल्ला का?

"सकाळी हत्ती खाल्ला का?"

डॉक्टरांचा राउंड चालू आहे, सगळे गंभीर चेहरे करून पलंगाभोवती उभे आहेत, आणि आमच्या बाई पेशंटला हा प्रश्न विचारताहेत, असं दृश्य मी कितीदा पाहिलं असेल. आवाज अगदी गोळ्यांची वेळ विचारल्यासारखा. चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही.

पेशंट तितक्याच गंभीरपणे म्हणायचा, "हाव."

"घ्या सर," बाई डॉक्टरांकडे वळायच्या. "हत्ती खाल्ला म्हन्ते. आता तुमी मंगाशी जे विचारलं ना, पोट दुखते का, गोया घेतल्या का, झोप लागली का, अन् त्या सगयाले हा हाव म्हनला, ते सगयं खोडून टाका. पहिल्यापासून विचारा."

वऱ्हाडात 'हाव' म्हणजे होय, एवढं कुणीही सांगेल. पण पलंगावर आडव्या पडलेल्या माणसाच्या 'हाव'मागं बरंच काही असतं. तुम्ही उभे आहात, मी पडलो आहे, तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला घाई आहे, मग उगाच कशाला वाकडं बोला. तुम्हीही कधी दवाखान्यात गेला असाल. "समजलं ना?" असं कुणी विचारल्यावर तुम्ही काय म्हणाला होतात ते आठवून बघा. काही समजलं होतं का?

बाईंचा हा हत्ती आमच्या दवाखान्यात सगळ्यांच्या ओळखीचा होता. तो आज आठवायचं कारण असं, की शेवटी तो प्रश्न बाईंनाच विचारायची पाळी माझ्यावर आली. बाईंनी उरलेलं आयुष्य कुठं काढायचं, अमरावतीत आमच्यात की अकोल्यात बहिणीकडे, हे ठरायचं होतं, आणि बाई दोन्हीला 'हाव' म्हणत होत्या. पण तिथं यायच्या आधी तुम्हाला बाई माहीत पाहिजेत.

मी मूळची कऱ्हाडची. नर्सिंग करून, लग्न करून, नवऱ्याच्या बदलीमागं अमरावतीत आले आणि राजापेठेतल्या एका खासगी दवाखान्यात नोकरीला लागले. खाली औषधांचं दुकान, सगळ्यात वर शिकवणीचे वर्ग आणि मधल्या मजल्यांवर आम्ही. जिन्यात पोरं पुस्तक मांडीवर घेऊन घोकत बसलेली असायची. स्ट्रेचर आलं की पाय आवरायची आणि घोकणं चालूच ठेवायची.

बाई आमच्या वॉर्डाच्या इन्चार्ज. बुटक्या, रुंद, आणि चालायला अशा जलद की त्यांच्या मागं जाताना माझा पदर सुटायचा. पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. बायकांच्या चपला त्यांच्या मते "लग्नात मिरवाले" असतात. त्यांनी स्वतः लग्न केलं नव्हतं. का, असं विचारलं की म्हणायच्या, "कोनी बरोबर प्रश्न विचारलाच नाई."

पहिल्याच दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "इतक्या दूर काहून आली व तू?"

मला वाटलं, ही बाई मला हाकलून देतेय. मी भांडी घासायच्या मोरीजवळ जाऊन डोळे पुसले. दुपारी त्यांनी न विचारता माझ्या डब्याच्या झाकणात अर्धी भाकर आणि मिरचीचा ठेचा ठेवला, तेव्हा कळलं की ती चौकशी होती. आमच्याकडे माणसं गोड बोलून काम टाळतात. इथं अंगावर येऊन काम करतात. हा फरक ध्यानात यायला माझा एक अख्खा उन्हाळा गेला. तोवर माझं नाव 'कऱ्हाडवाली' पडलं होतं.

बाई अकोल्याच्या. पण अकोल्याचं नाव काढलं की नाक मुरडायच्या. "अकोल्यात काय हाय? ऊन अन् माही बहीण. दोन्हीले बंद करायचं बटन नाई."

त्या बहिणीचा फोन रोज यायचा. बाई फोन टेबलावर उताणा ठेवायच्या, आवाज मोठा करायच्या आणि आपल्या कामाला लागायच्या. बहीण तिकडून शेजारणीचं, कूलरच्या पंपाचं, नळाच्या पाण्याचं, भाच्याच्या सोयरिकीचं सांगत राहायची. बाई चादरी मोजून ठेवता ठेवता मधेच "हं" म्हणायच्या. एकदा त्या "हं" म्हणायचं विसरून तिसऱ्या खोलीत निघून गेल्या. परत येईपर्यंत बहीण बोलतच होती, आणि बाई गेल्याचं तिला कळलंही नव्हतं. आम्ही हसून हसून बेजार झालो.

हत्तीचा मार सगळ्यांना सारखा बसायचा, शिकलेल्यांना जरा जास्तच. वरच्या मजल्यावर शिकवणी घेणारे एक सर साखर वाढली म्हणून भरती झाले. घरी जाताना इन्सुलिनचं पेन कसं टोचून घ्यायचं ते मी त्यांना सांगत होते. चांगलं समजावून, आमच्या कऱ्हाडच्या गोडीनं. सर मोबाइलकडे बघत "हो, हो, अगदी" म्हणत होते. मी विचारलं, "समजलं ना सर?"

"अगदी."

मागून बाईंचा आवाज आला. "सर, सकाळी हत्ती खाल्ला का?"

"हो, हो," सर म्हणाले.

बाईंनी त्यांच्या हातातला मोबाइल काढून घेतला, तिथं एक संत्रं ठेवलं आणि दुसऱ्या हातात पेन दिलं. "आता सांगू नका. दाखवा."

सरांनी पेन संत्र्याला टेकवलं आणि मोठ्या विश्वासानं बटण दाबलं. संत्रं होतं तसंच होतं. बाई म्हणाल्या, "टोपन काढा सर. संत्र्याले अजून काईच झालं नाई." मग संत्रं सोलून एक फोड त्यांनी सरांना आणि एक मला दिली. "वर तुमी पोट्ट्यायले रोज विचारत असान ना, समजलं का म्हून? तेबी हावच म्हनत असतीन."

पुढं काही दिवसांनी जिन्यातली पोरं बाईंना बघितलं की तोंडं फिरवायला लागली. सर आता वर्गात "समजलं का?" विचारत नव्हते, एकेकाला उठवून फळ्याशी बोलवत होते.

आता तुम्हाला वाटेल, बाई कधी चुकल्याच नाहीत. छे. चांगल्या तोंडावर आपटल्या, आणि तेही हत्तीच्याच पायी.

तिवस्याचे एक आजोबा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आले होते. ऑपरेशनच्या आधी पोटात अन्नाचा कण चालत नाही, हे आदल्या दिवशी त्यांना बजावलं होतं. आजोबा "हाव" म्हणाले होते, म्हणजे त्याचा काही भरवसा नव्हता. सकाळी बाई स्वतः गेल्या.

"आजोबा, हत्ती खाल्ला का?"

आजोबांनी त्यांच्याकडे शांतपणे बघितलं. "नाई व माय. आज एकादस हाय."

बाई मटकन स्टुलावर बसल्या. इतक्या वर्षांत हत्तीला इतकं सुरेख उत्तर कुणी दिलं नव्हतं. "अवं कऱ्हाडवाले, आयकलं का? याले म्हन्तात मानूस!" त्या अशा खूश झाल्या की आजोबांचा शब्द त्यांनी ब्रह्मवाक्य मानला. नाही म्हणू शकतो, थट्टा करतो, वर उपास आहे म्हणतो, मग आणखी काय पाहिजे? आजोबा थिएटरकडे रवाना झाले.

थिएटरच्या दाराशी आजोबांनी एक घसघशीत ढेकर दिला. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मास्क खाली केला. "आजोबा, काही खाल्लं का?"

"उपास हाय म्हनलं ना. साबुदान्याची उसय खाल्ली फक्त. अन् दोन केळं."

ऑपरेशन दुसऱ्या दिवशीवर गेलं. डॉक्टरीणबाईंनी बाईंना सगळ्यांसमोर जे काय ऐकवलं ते बाईंनी खाली मान घालून ऐकून घेतलं. मग त्या धुतलेल्या चादरींच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, रडत असतील. मी हळूच आत गेले तर बाई चादरींच्या ढिगावर पालथ्या पडून हसत होत्या, आणि एका स्वच्छ चादरीला डोळे पुसत होत्या. "साबुदाना!" एवढंच त्यांच्या तोंडून निघत होतं. "मले वाटलं, दवाखान्याचा उपास. त्याचा उपास घरचा होता!"

त्या दिवसापासून 'उपास' हा आमच्या वॉर्डातला मुरलेला विनोद झाला. कुणी काही लपवायला लागलं की आम्ही विचारायचो, "उपास हाय का?" आणि बाईंना उत्तर द्यायचं नसलं की त्याही तोंड पाडून म्हणायच्या, "उपास." पगारवाढ मागितली का बाई? उपास. पौर्णिमेला विहारात जाताना ही पांढरी साडी कुणी दिली? उपास.

पण ज्या दिवशी मी बाईंना मनातून मानलं, तो दिवस वेगळा होता. त्या दिवशी हत्ती उपयोगाचाच नव्हता, कारण पेशंटला हत्ती हा शब्दही कळला नसता.

धारणीच्या पलीकडच्या एका गावातून एक कोरकू आदिवासी बाई आली होती. जीपने, मग एसटीने, मग रिक्षाने. पोटाचं ऑपरेशन नीट झालं होतं. तिला कोरकूशिवाय दुसरी भाषा येत नव्हती आणि आमच्यात कुणाला कोरकूचा एक शब्द येत नव्हता. सोबत दीर होता. त्याला थोडी हिंदी, थोडी मराठी यायची. आम्ही दिराला विचारायचो, दीर तिला विचारायचा, ती उत्तर द्यायची.

एका सकाळी तिनं फार मोठं उत्तर दिलं. हातवारे केले, एकदा आवाज चढवला, मग दमून थांबली. दीर आमच्याकडे वळून म्हणाला, "अच्छा है बोलती."

बाईंनी कमरेवर हात ठेवले. "इतकं बोलली, अन् नुसतं अच्छा?"

"हाँ, अच्छा है."

बाईंनी त्याला केळी आणायला खाली पाठवलं. मग दार लोटून घेतलं आणि शेजारच्या रिकाम्या पलंगावर बुटांसकट आडव्या झाल्या. पोटावर हात धरून त्यांनी असं काही कण्हायला सुरुवात केली की मी घाबरून नाडी धरायला धावले. "सरक बाजूले," त्या एका डोळ्यानं मला म्हणाल्या आणि पुन्हा कण्हायला लागल्या.

ती बाई टक लावून बघत होती. पोट नाही, असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं. बाईंनी डोकं धरलं. तेही नाही. बाईंनी पाठ धरली, छाती धरली, दात धरला. दाताला ती बाई हसली. मग तिला राहवेना. ती कष्टानं उठून बसली, हात लांब करून तिनं बाईंचा पाय धरला आणि पोटरी दाबली. बाईंनी पोटरी पकडून अशी बोंब ठोकली की बाहेरची आया आत डोकावली. ती बाई सुटल्यासारखी उशीवर टेकली. एकदाचं कुणाला तरी कळलं होतं.

बाई उठल्या. तिच्या पायावरचं पांघरूण काढलं. एक पोटरी दुसरीपेक्षा चांगलीच जाड झाली होती, हात लावला तर गरम. बाईंनी डॉक्टरांना बोलावणं पाठवलं नाही, स्वतः जाऊन घेऊन आल्या. शिरेत रक्ताची गाठ होती. ती वर छातीकडे सरकली असती तर जीवच गेला असता, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. औषध वेळेवर सुरू झालं आणि ती बाई चालत घरी गेली.

दिराला मी जाब विचारला. तो बिचारा केळी घेऊन उभा होता. "बोली थी ना पाँव का. पण ऑपरेशन तर पेटचं होतं. डॉक्टर साहेबले पाँवसाठी कायको तकलीफ देनेका?" त्यानं काही लपवलं नव्हतं, आमचा वेळ वाचवला होता.

त्या दुपारी डबा खाताना बाईंनी मला त्यांची विद्या सांगितली. "हे पाह्य कऱ्हाडवाले. सोताचं दुखनं सांगाले मानूस लाजते. पन दुसरं कोनी चुकून राहिलं ना, तर ते दुरुस्त केल्याबिगर त्याले चैन पडत नाई. म्हून आपन चुकीचं करून दाखवाचं." मग ठेचा लावलेला घास गिळून म्हणाल्या, "अन् एकदा दाखवलं म्हून खरं नोको धरू. उलटं करूनबी पाह्य."

बाई निवृत्त झाल्या, पण यायच्या थांबल्या नाहीत. कधी बीपी मोजायला, कधी राहिलेली छत्री न्यायला. ती छत्री त्यांनी कधीच नेली नाही. एका सकाळी त्या यायच्या ऐवजी त्यांचे घरमालक धावत आले. बाई अंगणात पडल्या होत्या.

मेंदूचा झटका. उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला, आणि वाचा गेली. आमच्याच वॉर्डात, आमच्याच पलंगावर बाई पडल्या होत्या. तिसऱ्या दिवशी मी त्यांचं तोंड पुसत असताना त्यांच्या ओठांतून पहिला शब्द आला.

"हाव."

आम्ही टाळ्या वाजवल्या. मग हळूहळू लक्षात आलं, की तेवढाच एक शब्द उरला आहे. डॉक्टर म्हणाले, असं होतं. सगळी भाषा जाते आणि एखादाच शब्द शिल्लक राहतो, कुणाचं देवाचं नाव, कुणाची शिवी. बाईंना विचारलं असतं तर त्यांनी शिवीच मागून घेतली असती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण वाट्याला आला तो 'हाव'. जन्मभर ज्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, तोच.

अकोल्याहून बहीण आली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर बोलायला लागली ती पलंगाशी येईपर्यंत तिचा सगळा प्रवास, एसटीचा कंडक्टर आणि बडनेऱ्याचा चहा आम्हाला पाठ झाला. मी तिला मावशी म्हणायला लागले. पण आमचं जमलं नाही, ते बाईंवरूनच.

"मी ताईले अकोल्याले नेते," मावशी म्हणाल्या. "येते ना व ताई?"

"हाव," बाई म्हणाल्या.

"पाह्य!"

मी पुढं झाले. "बाई, इथंच राहायचं ना? आम्ही सगळ्या आहोत. मी रोज येईन."

"हाव."

"बघा!" मी म्हणाले.

रोज असंच चाललं. ती तिचा 'हाव' मिरवायची, मी माझा. दोन शहाण्या बायका एकाच शब्दाची दोन टोकं धरून ओढत होतो आणि बाई मधे पडून आमच्याकडे बघत होत्या. मला माझी खात्री होती. ज्या बाईनं आयुष्यभर अकोल्याला नावं ठेवली, बहिणीचा फोन टेबलावर उताणा टाकला, ती तिथं सुखानं राहील? मी आया ठरवली, आमच्या सगळ्यांच्या पाळ्या लावल्या. आणि खरं सांगायचं तर मला बाई सोडायच्याच नव्हत्या. या गावात माझं माहेर म्हणजे ती अर्धी भाकर आणि तो ठेचा होता. त्या गेल्या असत्या तर मी पुन्हा परक्या गावात आल्यासारखी झाले असते.

सुट्टी देऊन बाईंना त्यांच्या खोलीवर आणलं, त्या दिवशी मावशींनी बॅग भरूनच ठेवली होती. संध्याकाळसाठी भाड्याची गाडी ठरवली होती. मी चिडले. बाई खाटेच्या कडेला बसल्या होत्या, समोर बॅग, बाजूला उघडं कपाट, कोनाड्यात बुद्धाची छोटी मूर्ती. मावशी म्हणाल्या, "ताई हाव म्हनली." मी म्हणाले, "मलाही म्हणाल्या." आणि एकदम माझी मलाच लाज वाटली. या खोलीत कुणापुढं काय बोलत होते मी!

मी बाईंच्या समोर जमिनीवर बसले. त्या नेहमी सांगायच्या, उभं राहून विचारू नोको.

"बाई," मी म्हणाले, "सकाळी हत्ती खाल्ला का?"

"हाव," बाई म्हणाल्या.

स्वतःचा शब्द त्यांनी स्वतः ऐकला. क्षणभर त्यांचे डोळे मोठे झाले. मग त्यांनी डावा हात उचलून कपाळावर मारून घेतला, आणि अर्ध्या तोंडानं हसायला लागल्या. हसता हसता डोळे भरून आले. माझेही आले. इतके दिवस त्या आत कोंडून बसल्या होत्या आणि आम्ही बाहेर त्यांच्या नावानं कौल लावत होतो.

"काय बोलून राहिली व तू?" मावशी ओरडल्या. "बिमार मानसाले हत्ती काहून विचारून राहिली?"

"मावशी, जरा गप्प बसा," मी म्हणाले, "आणि नुसतं बघा."

मी बॅग उघडली. एक साडी काढली आणि कपाटात ठेवली. चुकीचं करून दाखवायचं, ही बाईंची विद्या. पण माझ्या मनात ते चुकीचं नव्हतंच. मी मनापासून साड्या परत लावत होते. दुसरी ठेवली. बाई बघत होत्या. तिसरी पौर्णिमेची पांढरी साडी होती. ती कपाटाकडे नेताना बाईंनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं.

त्या हातात अजून ताकद होती. त्यांनी साडी माझ्या हातातून ओढली आणि बॅगेत टाकली. मग कपाटातल्या दोन साड्यांकडे बोट केलं, आणि बॅगेकडे.

मी ऐकलं नाही. मी पुन्हा एक काढली. त्यांनी पुन्हा ओढून आत टाकली, या वेळी जरा जोरात.

एकदा दाखवलं म्हणून खरं धरायचं नाही. मी उलटं केलं. कपाटातलं सगळं काढून बॅगेत भरायला लागले. बाई शांत. टॉवेल गेला, चष्म्याची पेटी गेली, कोनाड्यातली मूर्ती मी टॉवेलात गुंडाळून ठेवली. बाई शांतच. मग एकाएकी त्यांनी एक साडी बॅगेतून बाहेर काढली. मला वाटलं, मीच जिंकले. पण बाईंनी ती मांडीवर पसरली, एका हातानं जमेल तशी नीट घडी घातली आणि परत आत ठेवली. माझी घडी त्यांना कधीच आवडत नव्हती.

मग त्यांनी खाटेखाली बोट केलं. कॅनव्हासचे बूट.

मावशी गप्प होत्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की त्यांनाही बटण आहे.

गाडीत बसवताना मला राग आला होता. अजूनही थोडा आहे, खोटं कशाला बोलू. अकोला! त्या उन्हात! मी खिडकीशी उभी राहून विचारत होते, बाई, पाणी देऊ? पाय दुखतो का? उशी पाहिजे का? आणि बाई प्रत्येकाला "हाव, हाव" म्हणून दमत होत्या. तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं मावशी आत बसल्या आणि गाडी सुरू व्हायच्या आधीच त्यांची गाडी सुरू झाली. "अवं ताई, तुले आठवते का ते शेजारची? कशी आठवन, तू तवा इकडेच होती. तर तिची सून काय म्हनली असन? तेच म्हनली..."

बाईंनी मान मागं टेकली आणि डोळे मिटले. परीक्षा संपलेल्या पोरासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

तेव्हा मला कळलं. आम्ही सगळ्या प्रेमानं त्यांना दिवसभर प्रश्न विचारत होतो. अकोल्याच्या बहिणीकडे प्रश्नही तिचेच आणि उत्तरंही तिचीच. तिथं बाईंना कशालाच 'हाव' म्हणावं लागणार नव्हतं. वर्षानुवर्षं टेबलावर उताणा पडलेला तो फोन त्यांनी एकदाही बंद केला नव्हता, हे मी कितीदा बघितलं होतं, पण माझ्या डोक्यात काही शिरलं नव्हतं.

आता त्या वॉर्डाची इन्चार्ज मी आहे. बाईंची छत्री अजून खुंटीला आहे. राउंडच्या वेळी मी हत्तीचं विचारते, पण माझ्या तोंडी तो जरा कऱ्हाडचा वाटतो, पेशंट हसतात. बाईंच्या तोंडी तो खरा वाटायचा.

या उन्हाळ्यात एका दुपारी मी अकोल्याला फोन लावला. मावशींनी उचलला आणि कूलर, पाणी, भाच्याची बायको असं सगळं झाल्यावर म्हणाल्या, "घे, ताईच्या कानाले लावते."

पलीकडे श्वास ऐकू आला. कशा आहात, बरं आहे ना, जेवलात का, यातलं काही विचारायचं नाही, एवढं मी शिकले आहे. मी म्हणाले, "बाई, हत्ती खाल्ला का?"

कूलरची घरघर तेवढी येत होती. मला वाटलं, बाईंना झोप लागली. मी ठेवणार एवढ्यात पलीकडून एक शब्द आला, ओला, वाकडा, खूप लांबून ओढून आणल्यासारखा.

"ना...ई."

मी नर्सिंग स्टेशनचं टेबल घट्ट धरलं. पुन्हा श्वास. पुन्हा धडपड.

"उ...पास."

लगेच फोन हिसकल्याचा आवाज झाला आणि मावशी ओरडल्या, "कायचा व उपास! आताच दोन पोया खाल्ल्या हिनं, वाटीभर रसासंगं! खोटं बोलून राहिली तुह्यासंगं!"

"बोलू द्या मावशी," मी म्हणाले. "आज एकादस हाय." आणि फोन तसाच कानाशी धरून, भर वॉर्डात, सगळ्या पेशंटांच्या देखत मी हमसून हमसून रडले.